दुर्बीण कशासाठी, ते आधी विचारा

गेल्या दशलक्षण पर्वातली गोष्ट. उत्तम संयमाचा दिवस, धूपदशमी. बस्तीतून अभिषेक-पूजा आटोपून घरी आले आणि स्वयंपाकाला लागले. ओट्यावरचा फोन सारखा वाजत होता. आमच्या माहेरच्या ग्रुपवर एवढी गडबड कुणाचं लग्न ठरलं तरच असते, म्हणून हात पुसून बघितलं. अमेरिकेत कोलोरॅडोला असलेल्या माझ्या भाच्यानं एक प्रश्न टाकला होता. त्याला त्याच्या साहेबांना अंतर मोजणारी दुर्बीण भेट द्यायची होती. साहेब दर ऑक्टोबरात एल्कच्या शिकारीला जातात, यंदा यालाही सोबत बोलावलंय. तर दुर्बीण आठ पटीची घ्यावी की दहा पटीची?

एल्क म्हणजे आपल्या सांबरासारखं थोराड हरीण.

आमच्या घरात इंजिनियर उदंड. थोरल्या आण्णांनी लिहिलं, दहा पट घेतलीस तर हात जरा हलला तरी चित्र हलतं, आठ बरी. मेव्हण्यांनी गणित मांडलं : पुढची काच ४२ मिलिमीटरची असेल तर आठ पटीत डोळ्याला सव्वापाच मिलिमीटरचा उजेड मिळतो, दहा पटीत ४.२ चा, पहाटे आणि तिन्हीसांजेला तो फरक कळतो. कुणी लायका सुचवली, कुणी स्वारोव्स्की, कुणी जरा स्वस्त म्हणून व्होर्टेक्स. हजार डॉलरपासून तीन हजारांच्या पुढेपर्यंतच्या किमती आल्या. जावा-भावजयांनी हात जोडलेली चित्रं टाकली. आणि खोटं कशाला बोलू, मीही एक अंगठा टाकला. घरातलं पोर साहेबांना एवढी महागाची भेट देतंय, याचं कौतुकच वाटलं.

पोळ्या लाटताना मात्र हात थांबला. एकवीस माणसांच्या त्या ग्रुपवर सगळ्यांचा काही ना काही नेम होता. कुणी एकासन करत होतं, कुणाचा कंदमुळांचा त्याग होता, कुणी पाणी गाळून, उकळूनच पीत होतं. आणि सगळे मिळून शिकारीचं हत्यार निवडत होतो.

‘हत्यार कसलं, दुर्बीणच तर आहे,’ असं कुणी म्हणेल. मीही आधी तसंच म्हटलं. मग दुपारी बसून त्या दुर्बिणींची माहिती वाचून काढली. आपण पक्षी बघायला नेतो तशी ही साधी दुर्बीण नव्हे. बटण दाबलं की डोळ्यांना न दिसणारा लेझरचा किरण सुटतो, समोरच्या वस्तूवर आपटून परत येतो, आणि जाऊन-येऊन किती वेळ लागला यावरून आतलं यंत्र अंतर काढतं. तीनशे मीटरवरच्या जनावरापर्यंत जाऊन यायला त्याला सेकंदाच्या दहा लाख भागांतले दोन भाग पुरतात. डोंगर-उतारावर उभं राहिलं तर उताराचा हिशेब करून गोळीसाठीचं खरं अंतर सांगतं. काही दुर्बिणींत बंदुकीची आणि काडतुसाची माहिती भरून ठेवता येते. मग नेम किती वर धरायचा तेही आत दिसतं.

पण माझ्या अंगावर काटा आला तो एका तक्त्यानं. किती लांबचं मोजता येतं हे सांगताना अशा दुर्बिणींच्या माहितीत बहुतेक तीन ओळी असतात : चकचकीत वस्तू, झाड आणि हरीण. खोक्यावरचा मोठा आकडा पहिल्या ओळीचा. झाडाचा त्याहून कमी. हरणाचा सगळ्यात कमी, कारण केसाळ कातडीवरून किरण नीट परतत नाही. बायांनो, हे पुन्हा एकदा वाचा. ज्याला आपण पंचेंद्रिय जीव म्हणतो, ज्याला मन असतं असं आपण पाठशाळेत शिकलो, तो जीव इथे उजेड नीट परत न पाठवणारा एक पृष्ठभाग आहे. आणि या तिसऱ्या ओळीतला आकडा मोठा असेल ती दुर्बीण चांगली. आमच्या मेव्हण्यांनी तोच आकडा बघून घ्यायला सांगितलं होतं.

रत्नकरंड श्रावकाचार आपल्यापैकी कितीतरी घरांत आहे. त्यात अनर्थदंडाचे पाच प्रकार सांगितलेत : पापोपदेश, हिंसादान, अपध्यान, दुःश्रुती, प्रमादचर्या. हिंसादान म्हणजे हिंसेची साधनं दुसऱ्याच्या हाती देणं. पापोपदेश म्हणजे पापाच्या कामात सल्ला देणं. भाचा करणार होता ते पहिलं, आणि आम्ही सकाळभर हौसेनं करत होतो ते दुसरं. शिकार तर सप्तव्यसनांतलीच, जुगार आणि दारूच्या ओळीतली. पण घरात कुणी पत्त्यांचा डाव मांडला तर आण्णा ओरडतील; इथे सल्ला द्यायला सगळ्यात पुढे तेच.

संध्याकाळी, म्हणजे त्याच्या सकाळी, मी त्याला फोन लावला.

तो चिडला नाही. गुणी पोर आहे, तिकडेही अंडं खात नाही. म्हणाला, “आत्या, मी गोळी झाडणार नाहीये. मी फक्त सोबत बसून अंतर सांगणार. आणि तू उलटं बघ, अंतर नीट कळलं तर गोळी जिथे लागायची तिथेच लागते. जनावर तडफडत नाही. म्हणजे ही दुर्बीण हिंसा कमीच करते.”

या बोलण्यात तथ्य आहे, ते नाकारणार नाही. अंदाजानं मारलेली गोळी पोटात किंवा पायात लागून जखमी जनावर झाडीत निघून जातं, दिवस दिवस तळमळतं. अंतराचा अंदाज चुकणं हे त्याचं एक कारण, आणि ते या यंत्रानं कमी होतं. पण शिकारी मग पूर्वीच्याच अंतरावर थांबतो का? दोनशे मीटरवर जो थांबायचा तो आता पाचशेवरून नेम धरायला बघतो, कारण आकडा डोळ्यांसमोर आहे. पाचशे मीटर जायला गोळीला अर्ध्या सेकंदाहून जास्त वेळ लागतो. तेवढ्यात जनावर एक पाऊल पुढे टाकू शकतं. वाटेतला वारा कसा आहे हेही लेझरला कळत नाही, तो माणसानं ओळखायचा. खुद्द अमेरिकेतल्या शिकाऱ्यांमध्ये यावर वाद आहे. थिओडोर रूझवेल्ट यांनी १८८७ साली स्थापन केलेला बून अँड क्रॉकेट क्लब जनावराला निसटायची संधी राहिली पाहिजे असं मानतो. मारणाऱ्यांनाही जी शंका येते, ती आम्हा गाळून पाणी पिणाऱ्यांना एका सकाळीत आली नाही!

त्यानं दुसरा मुद्दा काढला. तिथे १९३७ पासून बंदुका-काडतुसांवर कर आहे, तो पैसा वन्यजीवांच्या रक्षणाला जातो; शिकार झाली नाही तर एल्क बेसुमार वाढतील. कराचं खरं आहे. पण एल्क आवरणारे लांडगे कोलोरॅडोतून माणसानंच मारून संपवले होते. तिथल्याच मतदारांनी २०२० साली लांडगे परत आणायचा कौल दिला आणि २०२३ च्या डिसेंबरात पहिले लांडगे सोडले गेले. म्हणजे वेगळी वाट शोधणारी माणसं तिथेही आहेत. आणि ज्यांचं पोटच शिकारीवर चालतं अशा माणसांचा न्याय करायला मी बसलेली नाही. माझा प्रश्न आमच्या घरातल्या, भरल्या ताटावरच्या पोराला आहे.

मग त्यानं मला गप्प केलं. म्हणाला, “आत्या, तुमच्या देवघराच्या बाहेर डास मारायची बॅट चार्जिंगला लावलेली असते. ताड-ताड आवाज आला की बच्चेकंपनी हसते. ते काय मग?”

काय बोलणार? खरंच होतं. संसारात आरंभी हिंसा होते, चूल पेटवताना, घर झाडताना होते, ती टळत नाही असं आपण म्हणतो. पण बॅट घेऊन डासामागे धावणं आणि हसणं हे आरंभी नव्हे, संकल्पीच. मी त्याला म्हटलं, तू बरोबर बोललास, ती बॅट उद्यापासून बंद. दुसऱ्या दिवशी माळ्यावरची मच्छरदाणी काढून धुतली. पण माझी चूक निघाली म्हणून त्याची बाजू बरोबर ठरत नाही. आपल्याकडे वाद असाच संपतो : तूही तसाच, मीही तसाच, चला जेवूया.

‘मी फक्त अंतर सांगणार’ यावर मी त्याला लहानपणी त्याच्या आज्जीनं सांगितलेली यशोधर राजाची गोष्ट आठवून दिली. राजानं खरा कोंबडा मारला नव्हता. आईच्या आग्रहाखातर पिठाचा कोंबडा करून बळी दिला. तेवढ्या संकल्पापायी मायलेकरं जन्मोजन्मी पशुयोनीत फिरली. पिठाच्या कोंबड्याचा हिशेब जिथे होतो, तिथे खऱ्या जनावरापर्यंतच्या मीटरांचा होणार नाही? केलं, करवलं आणि अनुमोदन दिलं, या तिन्हीला आपल्याकडे एकाच मापानं मोजतात. माझा अंगठा तिसऱ्यात मोडतो.

मी तो अंगठा काढून घेतला आणि खाली एवढंच लिहिलं : ‘दुर्बीण कशासाठी हवी, हे कुणी विचारलं का?’ ग्रुप दोन दिवस मुका. आण्णांचा फोन आला, “पोरगं परक्या देशात नोकरी करतंय, साहेबाचं मन राखायला नको? कशाला त्याला अवघड करतेस?” भावजय म्हणाली, “अक्का, तुमचं आपलं काहीतरीच.” पर्व संपल्यावर क्षमावाणीला दोघांनी माझी क्षमा मागितली, मीही त्यांची मागितली. दुर्बिणीचा विषय कुणी काढला नाही.

भाच्यानं ती दुर्बीण दिली. सोबत मात्र गेला नाही. कारण त्यानं सांगितलं नाही, मीही खोदून विचारलं नाही.

आपण राजुलची गाणी म्हणतो, डोळे पुसतो. नेमिनाथांची वरात मांडवाजवळ आली होती. मेजवानीसाठी कोंडलेल्या जनावरांचा आक्रोश ऐकून त्यांनी सारथ्याला एकच प्रश्न विचारला, यांना इथे कशासाठी कोंडलंय? उत्तर ऐकलं आणि रथ फिरवला. तो प्रश्न विचारायला अवतारी पुरुष लागत नाही, घरातली कुणीही बाई विचारू शकते. पुढच्या वेळी तुमच्या ग्रुपवर असं काही आलं, दुर्बीण असो की डासांची बॅट, तर आठ की दहा हे पुरुषमाणसांना ठरवू द्या. पण त्याआधी तुम्ही ‘कशासाठी’ एवढं विचारा. ग्रुप दोन दिवस मुका झाला तर होऊ दे.