टू-इन-वन बरा होता

आपल्या आई-बाबांच्या काळातला टू-इन-वन आठवा. नसेल पाहिला तर त्यांना विचारा. कॅसेटचा बेल्ट तुटला, हेड झिजलं, तरी रेडिओ वाजत राहायचा. खोका एक, यंत्रं दोन, आणि एकाच्या मरणाचं सुतक दुसऱ्याला नव्हतं.

स्मार्ट टीव्हीत नेमकं हेच उलटं झालंय. त्यात एक पडदा आहे आणि एक किरकोळ ताकदीचा संगणक. पडदा दहा वर्षं सहज काढतो. संगणक चार-पाच वर्षांत धापा टाकायला लागतो, कारण ॲप्स जड होत जातात आणि आतली मेमरी वाढवता येत नाही. दोघांना एकत्र जखडल्यावर आयुष्य ठरतं ते लवकर दमणाऱ्याचं. डिसेंबर २०१९मध्ये सॅमसंगच्या काही जुन्या स्मार्ट टीव्हींवर नेटफ्लिक्स बंद झालं. पडद्यांना काहीच झालं नव्हतं. आम्ही प्रोग्रामर मंडळी याला ‘सपोर्ट संपला’ म्हणतो. खरं तर संपत काहीच नाही. जुन्या चिपवर ॲप तपासत बसणं परवडत नाही, एवढा हिशेब कुणीतरी मांडलेला असतो. तो टीव्ही तुम्ही विकत घेतलाय, हे त्या हिशेबात कुठेच नसतं.

सगळं एका वस्तूत येण्याला माझा विरोध नाही. फोनने कॅमेरा, वॉकमन, टॉर्च, अलार्मचं घड्याळ, सगळं गिळलं आणि ज्या घरात कॅमेरा कधीच आला नसता तिथेही तो पोचला. त्याबद्दल उसासे टाकणाऱ्यांनी रोल धुवायला किती पैसे लागायचे ते आठवावं.

‘पण स्मार्ट टीव्ही स्वस्त पडतो ना!’ पडतो. उरलेले पैसे नंतर वसूल होतात. अमेरिकेत व्हिझिओ कंपनीने २०१७ साली २२ लाख डॉलर भरून एक प्रकरण मिटवलं. तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनचा आरोप असा, की १ कोटी १० लाख टीव्हींवर कोण काय बघतंय याची सेकंदासेकंदाची नोंद कंपनी प्रेक्षकांना न विचारता घेत होती आणि ती पुढे विकत होती. पडद्यावरचे पिक्सेलच उचलून जुळवले जायचे, त्यामुळे केबल लावा नाहीतर डीव्हीडी, सुटका नाही. साध्या पडद्याला हे जमलं नसतं. त्यासाठी आत संगणक आणि दाराशी वायफाय हवं.

आपल्याकडे टीव्हीवर वीजबचतीचे तारे छापलेले असतात. अपडेट किती वर्षं मिळणार, हे त्याच स्टिकरवर का नसावं? ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४पासून इंटरनेटला जोडल्या जाणाऱ्या वस्तूंच्या उत्पादकांना सुरक्षा अपडेट किमान कधीपर्यंत देणार ते जाहीर करावं लागतं. तिथे जमतं, मग इथे का नाही?

तोवर टीव्हीला वायफायचा पासवर्ड देऊच नका. एचडीएमआयला वेगळी स्टिक लावा. पाळत तीही ठेवू शकते, हे मान्य. पण ती उपटून फेकता येते, थकली तर काही हजारांत बदलता येते आणि पडदा भिंतीवर तसाच राहतो. दुकानात सेल्समन ‘सर, यात सगळं इनबिल्ट आहे’ म्हणाला, की एवढंच विचारा: ‘कुठल्या सालापर्यंत?’