फुटावं तर असं!

मंडळ फुटणं आपल्याला नवं नाही. गणपतीचा हॉल, नाटकाची तिकिटं, कार्यकारिणीची निवडणूक; कोणतंही कारण पुरतं. म्हणून १९१३ सालची एक फूट सभासदांपुढे ठेवतो.

वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात १९०८ साली कृष्णवर्णीय विद्यार्थिनींनी अल्फा कप्पा अल्फा ही सोरोरिटी, म्हणजे विद्यार्थिनींची संघटना, काढली. चार-पाच वर्षांत नव्या मुली कुरकुरू लागल्या. त्यांना नाव, चिन्हं बदलायची होतीच; पण मुख्य म्हणजे कॉलेजच्या कुंपणाबाहेरच्या प्रश्नांत उतरायचं होतं. माजी अध्यक्ष नेली क्वांडर हटून बसल्या. अखेर २२ जणींनी जानेवारी १९१३ मध्ये डेल्टा सिग्मा थीटा स्थापन केली, आणि त्याच महिन्यात क्वांडरबाईंनी जुन्या संस्थेची रीतसर नोंदणी करून टाकली. ३ मार्चला डेल्टाच्या मुली स्त्रियांच्या मताधिकाराच्या मोर्चात चालत होत्या. कृष्णवर्णीय स्त्रियांनी मागे राहावं, ही आयोजकांची इच्छा असतानाही.

जुनी संस्थाही कोमेजली नाही. १९३५ पासून तिच्या सभासद उन्हाळ्यात मिसिसिपीला जाऊन घटसर्पाच्या, देवीच्या लसी टोचू लागल्या. प्रमुख होत्या डॉ. डॉरथी फेरेबी. मळेवाले मजुरांना दवाखान्यात येऊ देईनात, तेव्हा या बायका स्वतःच्या मोटारी घेऊन मळ्यांवर गेल्या. हे काम १९४२ पर्यंत चाललं.

यातल्या बहुतेकींचं कॉलेज केव्हाच संपलेलं होतं, आणि माझा मुद्दा हाच आहे. या सोरोरिटींत पदवीधरांची वेगळी स्थानिक शाखा असते, मुलगी नोकरीसाठी गाव बदलते तेव्हा तिथल्या शाखेत जाते. आपल्याकडे बारा वर्षांची पोर स्टेजवर लेझीम खेळते, अठराव्या वर्षी गायब होते, आणि उगवते ती थेट स्वतःचं मूल मराठी शाळेत घालायला! मधल्या काळात तिला आपण काय देतो? स्वयंसेवकाचा टी-शर्ट आणि पंगतीत वाढायचं काम.

सोरोरिटी म्हटलं की आईबापांना पार्ट्या दिसतात. वर्गणी भरमसाट असते, रॅगिंगने जीवही गेले आहेत. ती काळजी खोटी नाही. पण १९९८ साली ऑस्टिनला दक्षिण आशियाई मुलींनी कप्पा फाय गॅमा काढली, ती काही मंडळांचे हॉल कमी पडले म्हणून नव्हे.

तिशीच्या आतल्यांची स्वतंत्र शाखा, तिचं वेगळं बँक खातं, आणि पैसा कशावर खर्च करायचा यात ज्येष्ठांना मत नाही, असा ठराव मी येत्या सर्वसाधारण सभेत मांडणार आहे. अनुमोदक हवा आहे.