भुकेचं काय करायचं, ते सांगा!

मधुमेही माणसाला अख्खं जग एकच प्रश्न विचारतं : "साखर किती?" पगार विचारायला माणसं जरा तरी बिचकतात; साखर भर रस्त्यात विचारतात. "पोट भरलं का?" असं मात्र कोणी विचारीत नाही. या रोगाशी माझी बारा वर्षांची सोयरीक. एवढ्या काळात पथ्याचे जितके कागद हाती पडले, तितक्या लग्नपत्रिकाही पडल्या नसतील. प्रत्येकावर 'खाऊ नका'ची यादी हातभर, 'खा'ची बोटभर. भूक हा शब्द एकाही कागदावर नाही. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीप्रमाणे देशात दहा कोटींहून अधिक मधुमेही आहेत. एवढ्या माणसांना काय भूकच लागत नाही?

हल्ली या कागदांवर एक विद्वान पाहुणा येऊन बसला आहे : ग्लायसेमिक इंडेक्स. टोरोंटोच्या डेव्हिड जेंकिन्स आणि मंडळींनी १९८१ साली तो मांडला. ग्लुकोजला १०० धरायचं आणि तेवढ्याच कर्बोदकांचा दुसरा पदार्थ खाल्ल्यावर रक्तात साखर किती चढते, ते ताडून पाहायचं. ५५ पर्यंतचा पदार्थ गुणी, ७० च्या पुढचा द्वाड. कल्पना उत्तम. माझं भांडण तिच्याशी नाही, तिचा पाढा घोकणाऱ्यांशी आहे. याच हिशेबात साधी साखर ६५ च्या आसपास बसते आणि कॉर्नफ्लेक्स ८० च्या! म्हणजे 'हलका नाश्ता' म्हणून माझ्यापुढे सरकवला जाणारा वाडगा साखरेच्याही डोक्यावर मिऱ्या वाटतो. उलट आइस्क्रीम ५० च्या घरात. म्हणून काय सगळ्या मधुमेह्यांनी आइस्क्रीमच्या गाडीमागे धावायचं? स्निग्धामुळे पोट सावकाश रिकामं होतं, म्हणून आकडा उतरतो. वजन थोडंच उतरतं!

बरं, आकडा कमी म्हणजे पोट भरणार, असंही नाही. १९९५ साली सिडनीत सुझाना होल्टबाईंनी ३८ पदार्थ सारख्या उष्मांकाचे मोजून लोकांना खायला घातले आणि दोन तास त्यांची भूक विचारली. (पाहा, विचारणारं माणूस जगात आहे!) पांढऱ्या पावाला १०० गुण, तर उकडलेल्या बटाट्याला ३२३. आणि हाच बटाटा साखर चढवण्यातही वरच्या बाकावर! जेवणारी माणसं मधुमेही नव्हती, हे कबूल. पण साखर आणि भूक ही दोन वेगळी खाती आहेत, एवढं त्यातून कळायला हरकत नव्हती.

दोन्ही खाती जुळवणारे पदार्थ आपल्याच डब्यांत पडून आहेत. हरभरा, चवळी, मटकी. हरभऱ्याचा आकडा ३० च्या आसपास. शिवाय चोथा आणि प्रथिनं, त्यामुळे पोटाला आधार राहतो. पण उसळीची जाहिरात कोण करणार? 'शुगरफ्री' बिस्किटाची होते. त्यात साखर नसते, मैदा असतो. आणि मैद्याची साखर करायला शरीराला कंपनीची परवानगी लागत नाही.

आणि आपली पंगत! आधी वरणभात, मग बाकीचं. भाजी-उसळ आधी आणि भात शेवटी घेतला तर जेवणानंतरची साखर कमी चढते, असं छोट्या प्रयोगांतून दिसलं आहे. पण पानावर बसून भाताला थांब म्हटलं, की वाढणारी बाई "बरं नाही का वाटत?" म्हणून कपाळाला हात लावून बघते.

भूक ही काही चैन नव्हे, डॉक्टरसाहेब. काही गोळ्या किंवा इन्सुलिन घेणारा माणूस उपाशी राहिला तर साखर धाडकन खाली येते. घाम फुटतो, हात कापतात, कधी शुद्धही जाते. आणि उपाशी न राहणारा रात्री अकराला फरसाणाचा डबा उघडतो. दोघांनाही तुम्ही 'पथ्य पाळत नाही' म्हणूनच रागावणार. तेव्हा पुढचा कागद लिहाल तेव्हा एक ओळ जास्त लिहा : दुपारी चार वाजता पोटात कावळे ओरडू लागले, तर काय खायचं आणि किती. बाकीची हातभर यादी आम्हाला केव्हाच पाठ झाली आहे.