आधी मोजा, मग फवारा



आमच्या वावरात पऱ्हाटी आहे. तुमच्यापैकी पुष्कळांच्या वावरात आहे. पऱ्हाटीवर गुलाबी बोंडअळी पडते हे सर्वांना ठाऊक आहे. पण अळी आली असे कुणी म्हटले, की लगेच फवारा मारावा का? माझे मत आहे, मारू नये. आधी मोजावे, मग ठरवावे.

माझे असे मत का झाले ते सांगते. मागच्या वर्षी पोळ्यानंतर शेजारच्या वावरात फवारा सुरू झाला. ते पाहून बाबांनीही पंप पाठीवर घेतला. आमच्या पऱ्हाटीत अळी आहे की नाही, हे कुणीच पाहिले नव्हते. दुपारी बाबा धुऱ्यावर येऊन बसले. डोळ्यांची आग झाली, चक्कर आली, उलट्या झाल्या. दोन दिवस दवाखान्यात राहावे लागले. आई रात्रभर झोपली नाही. मला फार भीती वाटली. कारण २०१७ साली आपल्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून जास्त शेतकरी व शेतमजूर दगावले, हे मी मोठ्या माणसांकडून ऐकले होते.

पुढे गुरुजींनी आम्हांला वावरात नेऊन बोंडअळी दाखवली. ही अळी अंड्यातून निघाली की फुलात नाहीतर बोंडात शिरते. आत शिरल्यावर औषध तिच्यापर्यंत पोचत नाही. मरतात कोण? तर ढालकिडे आणि कोळी. ते तर आपले मित्र आहेत. ढालकिडा मावा खातो.

नागपूरला केंद्रीय कापूस संशोधन संस्था आहे. ती १९७६ साली सुरू झाली. तिथल्या शास्त्रज्ञांनी मोजायची रीत सांगितली आहे. ती सोपी आहे.

पहिली रीत, कामगंध सापळा. एकरी २ सापळे लावावे. सापळ्यातल्या गोळीला मादी पतंगासारखा वास येतो, म्हणून नर पतंग येऊन अडकतात. एका सापळ्यात रोज ८ पतंग, असे लागोपाठ ३ दिवस सापडले तर फवारणीची वेळ आली.

दुसरी रीत, डोमकळ्या. अळी आत असली की फूल नीट उमलत नाही, गुलाबाच्या कळीसारखे मिटलेले राहते. १०० फुलांत अशा १० डोमकळ्या दिसल्या तर फवारावे.

तिसरी रीत, वेगवेगळ्या झाडांची २० हिरवी बोंडे तोडून फोडावी. २ बोंडांत अळी निघाली तर फवारावे. लहान अळी पांढुरकी असते, मग गुलाबी होते.

आमचे आबाजी म्हणाले, "अवं पोरी, तू मोजत बसशील अन् अळी बोंडं खाऊन जाईल!" पण मला हे पटत नाही. न मोजता फवारले तर औषधाचे पैसे जातात, आणि अळी खरी आली तेव्हा पुन्हा फवारावेच लागते. मोजले तर वेळ बरोबर कळते.

यंदा रविवारी मी आणि दादाने २० बोंडे फोडली. एकाच बोंडात अळी निघाली. बाबा थांबले. पुढच्या रविवारी ३ बोंडांत निघाली. तेव्हा बाबांनी फवारा मारला. पण तोंडाला फडके बांधले, हातमोजे घातले, वाऱ्याकडे पाठ केली आणि काम झाल्यावर साबणाने आंघोळ केली. या वेळी त्यांना काही झाले नाही.

फवारा कधीच मारू नका, असे मी म्हणत नाही. शेजारच्याने मारला म्हणून मारू नका, एवढेच म्हणते. बाबा म्हणतात, मोजायला वेळ कुणाला आहे? आपल्याला आहे ना! आपल्याला शंभरपर्यंत मोजता येते. फक्त फवारलेल्या वावरात काही दिवस जायचे नाही आणि औषधाच्या डब्याला हात लावायचा नाही.

तुमचे मत वेगळे असेल तर कागदावर लिहून या फलकाखाली लावा. मी वाचीन.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता ४ थी