लोगोसाठी कॉम्प्युटरमधला फॉन्ट चालतो का? आधी परवाना पाहा

घरगुती मसाले असोत, यूट्यूब चॅनेल असो की क्लासची पाटी. लोगो हवा असला की अनेक जण कॉम्प्युटरमधला मंगल किंवा निर्मला फॉन्ट निवडून नाव टाइप करतात. फॉन्ट आधीपासूनच होता, मग पैसे कशाचे? पण कॉम्प्युटर घेतला म्हणजे फॉन्ट आपल्या मालकीचा होत नाही. मिळतो तो वापराचा परवाना.

परवान्यात काय असते?

विंडोजसोबत आलेल्या फॉन्टमध्ये लोगो करून तो धंद्यासाठी वापरायला मायक्रोसॉफ्टची सहसा हरकत नसते. मात्र लोगो घरगुती किंवा विद्यार्थ्यांसाठीच्या आवृत्तीत केला असेल, तर ही मुभा गृहीत धरता येत नाही. फॉन्टची फाइल दुसऱ्याला देण्याचीही परवानगी नाही. अ‍ॅपलचा सॅन फ्रान्सिस्को त्याहून कडक आहे. तो मोफत डाउनलोड होतो, पण अ‍ॅपलच्या उपकरणांसाठीच्या अ‍ॅपचे नमुना-स्क्रीन तयार करण्यापुरताच.

धोका कुठे आहे?

खरी अडचण पेनड्राइव्हवरून फिरणाऱ्या फॉन्टची आहे. कॉम्प्युटर प्रोग्रामला १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे संरक्षण आहे आणि कंपन्या फॉन्टची फाइल सॉफ्टवेअर म्हणूनच देतात. बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरल्यास कलम ६३बी मध्ये ७ दिवस ते ३ वर्षे कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंडाची तरतूद आहे. लोगो गाजल्यावर नोटीस आली, तर पाट्या, पिशव्या, पाकिटे सगळेच बदलावे लागू शकते.

मग करायचे काय?

गूगल फॉन्ट्सवर मुंबईच्या एक टाइपचे मुक्ता आणि बलू हे देवनागरी फॉन्ट खुल्या परवान्यावर मिळतात. त्यात लोगो करता येतो, व्यावसायिक वापरही चालतो. फक्त फॉन्ट सुटा विकता येत नाही. छपाईला फाइल देताना अक्षरे कर्व्ह करून द्या, म्हणजे फॉन्टची फाइल द्यावी लागत नाही. परवान्याची प्रत तारखेसह जपून ठेवा.

आणखी एक गोष्ट. परवाना असला तरी तोच फॉन्ट शेजारचा दुकानदारही वापरू शकतो. ट्रेडमार्कसाठी वेगळेपण लागते. ते हवे असेल तर अक्षरे हाताने घडवून घेणेच बरे.

लोगो करून देणाऱ्यांनी बिलावर फॉन्टचे नाव आणि परवाना लिहिण्याची सवय लावावी. ग्राहकानेही ते मागावे. दोन ओळींचे हे काम पुढचा मोठा खर्च वाचवू शकते.