परत मिळालेले पैसे कमी निघाले? आवाज चढवू नका, गल्ला मोजायला सांगा

'काउंटर सोडण्यापूर्वी पैसे मोजून घ्यावेत, नंतर तक्रार चालणार नाही' ही पाटी सगळीकडे दिसते. पण कायद्याने तिला किती अर्थ आहे? दुकान, एसटी, बँक आणि पतसंस्था, चारही ठिकाणी नेमके काय करायचे?

बिल १४० रुपयांचे होते. मी पाचशेची नोट दिली आणि हातात आले ६० रुपये.

दुकान सांगलीतले, वेळ संध्याकाळी सातची. मागे सहा-सात जणांची रांग. "ताई, मी पाचशे दिले होते," मी म्हटले. "नाही दादा, दोनशेच दिलेत तुम्ही," काउंटरवरच्या ताई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात जराही शंका नव्हती, माझ्याही नव्हती. दुपारीच एटीएममधून पाचशेच्या चार नोटा काढल्या होत्या आणि पाकिटात आता तीनच उरल्या होत्या. पण हा पुरावा माझ्यापुरता. त्यांनी माझे पाकीट दुपारी थोडेच पाहिले होते? मागून कोणीतरी म्हणाले, "अहो, आवरा लवकर." कान गरम झाले. तीनशे रुपयांपेक्षा आपण खोटे ठरतोय, हे जास्त लागत होते.

अभियांत्रिकीत एक साधा ताळेबंद शिकवतात: आत आलेले वजा बाहेर गेलेले, म्हणजे साठलेले. तोच आठवला. मालकांना म्हटले, "आत्ता भांडत नाही. रात्री गल्ला जमवाल तेव्हा तीनशे जादा निघतात का, एवढे बघा." त्यांनी वहीत वेळ, बिलाचा क्रमांक आणि माझा मोबाइल नंबर लिहून घेतला.

रात्री पावणेदहाला फोन आला. "साहेब, २९० जादा आहेत. दहा कुठेतरी दुसरीकडे चुकले असणार. तुमचे तीनशे घेऊन जा."

दुसऱ्या दिवशी पैसे घेताना त्या ताई एवढेच म्हणाल्या, "जादा निघाले तर मालक परत करतात. कमी निघाले की माझ्याकडून जातात." हे वाक्य डोक्यात राहिले. म्हणून हा लेख फक्त ग्राहकाच्या बाजूने लिहिलेला नाही.

चूक होते कुठे?

नोटांच्या आकारात फारसा फरक नाही. सध्याची पाचशेची नोट १५० मिलिमीटर लांब, दोनशेची १४६ आणि शंभरची १४२. म्हणजे प्रत्येकी चार मिलिमीटरचा फरक. तिघींची रुंदी सारखीच, ६६ मिलिमीटर. रंग वेगळे आहेत, पण नोट घडी घालून दिली, दुकानात दिवा पिवळा असला, किंवा काउंटरवरचा माणूस एका हाताने क्यूआर कोडचा आवाज ऐकत दुसऱ्या हाताने रोख घेत असला, की गडबड होते.

खरी अडचण त्यानंतरची आहे. नोट एकदा गल्ल्यात इतर नोटांत मिसळली की कोणती कोणाची, हे सांगता येत नाही. जुने दुकानदार यावर एक उपाय करत. गिऱ्हाईकाने दिलेली नोट ते गल्ल्यावर वरच ठेवत, मोड मोजून हातावर देत आणि मगच नोट आत टाकत. देतानाही मोठ्याने मोजत: "एकशे चाळीस आणि दहा दीडशे, पन्नास दोनशे, आणि हे तीनशे, झाले पाचशे." वाद असलाच तर तो नोट डोळ्यांसमोर असतानाच मिटे. आजही हीच पद्धत सर्वांत स्वस्त आणि सर्वांत पक्की आहे.

गल्ला साक्ष कशी देतो?

उदाहरण घेऊ. सकाळी गल्ल्यात १,००० रुपये होते. दिवसभरात रोखीची विक्री १२,४६० झाली. दूधवाल्याला ५०० दिले. म्हणजे रात्री १२,९६० असायला हवेत. मोजल्यावर १३,२६० निघाले, तर ३०० जादा आहेत. तुमची तक्रारही नेमकी ३०० चीच असेल, तर याहून चांगला साक्षीदार मिळणे अवघड.

अर्थात हा ताळा शंभर टक्के पक्का नसतो. यूपीआयचे बिल चुकून रोखीत चढते, मालक मध्येच पैसे काढतात, दुसऱ्याच गिऱ्हाईकाला दहा रुपये जास्त जातात. माझ्या बाबतीत २९० निघाले ते त्यामुळेच. गल्ला तंतोतंत जमला तर आपल्यालाही मान्य करावे लागेल की कदाचित आपणच चुकलो. पण एक गोष्ट पक्की: हा साक्षीदार त्याच दिवसापुरता असतो. रात्री हिशेब मिटला, रोकड बँकेत गेली, की साक्ष संपली. म्हणून तक्रार त्याच दिवशी, गल्ला जमवण्याआधी नोंदवायला हवी. सीसीटीव्ही असेल तर त्या वेळचे चित्रण जपून ठेवा, असेही तेव्हाच सांगा. जुने चित्रण काही दिवसांनी आपोआप पुसले जाते.

कायदा काय म्हणतो?

भारतीय करार कायदा १८७२ चा आहे. त्याचे कलम ७२ सांगते की, चुकून कोणाला पैसे दिले गेले असतील, तर ज्याला ते मिळाले त्याने ते परत केले पाहिजेत. दुकानात लावलेल्या पाटीने हे कलम रद्द होत नाही. 'नंतर तक्रार चालणार नाही' ही सावधगिरीची सूचना आहे. चूक सिद्ध झाली, तर पाटीखाली पैसे ठेवून घेता येत नाहीत.

मात्र चूक झाल्याचे दाखवून द्यायची जबाबदारी तक्रार करणाऱ्यावर येते. आपण काउंटर सोडून गेलो की ते काम अवघड होते. पाटीचा खरा अर्थ एवढाच.

हेच कलम उलट बाजूनेही लागू होते. पन्नासऐवजी चुकून शंभर परत आले, तर ते जादाचे पन्नास आपले नाहीत. ते कळूनही खिशात घालणे आणि कॅशिअरने आपले तीनशे दाबणे, यात कायद्याच्या दृष्टीने फरक नाही.

मग हा गुन्हा आहे का? फसवणूक ठरायला हेतू लागतो. घाईत झालेली चूक म्हणजे चोरी नव्हे. त्यामुळे पहिल्याच वाक्याला 'तुम्ही पैसे मारले' म्हणणे चुकीचे आहे आणि कामाचेही नाही. समोरचा माणूस इज्जत वाचवायला लागला, की हिशेब तपासत नाही.

बिल मात्र मागूनच घ्या. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार विकलेल्या वस्तूचे बिल न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिलावर वेळ आणि रक्कम असते. तक्रारीचे पहिले टोक तेच.

एसटीत तिकिटामागे लिहिलेले पैसे

सातारा स्टँडवर गाडी लागली की दाराशी झुंबड उडते. खाली उतरणारे, जागा पकडायला वर घुसणारे आणि मधोमध दोन-तीन जण तिकीट उलटे धरून, "मास्तर, आमचे सुट्टे?" वाहकाने मागे पेनाने लिहिलेले असते, ३० किंवा ४०. वाहक तेवढ्यात कंट्रोल केबिनकडे निघालेला असतो.

२५ जानेवारी २०२५ पासून एसटीची १४.९५ टक्के भाडेवाढ लागू झाली. त्याआधी, १७ मार्च २०२३ पासून महिलांना निम्म्या तिकिटाची सवलत मिळाली. आकडे आडनिडे झाले आणि सुट्ट्यांचा प्रश्न वाढला. वाहकाचीही बाजू आहे. सकाळच्या पहिल्या फेरीत प्रत्येक जण पाचशेची नोट काढतो, तेव्हा मोड आणायची कुठून? आगारात यंत्राचा आकडा आणि रोकड जुळवून द्यावी लागते, कमी पडले की पदरचे घालावे लागतात.

प्रवाशाने काय करावे? तिकिटामागचा आकडा तिथल्या तिथे वाचा, चुकला असेल तर लगेच सांगा. उतरण्याच्या एक थांबा आधी मागा. राहून गेलेच, तर तिकीट फेकू नका. तारीख, वेळ, गाडीचा क्रमांक टिपून त्या आगाराच्या व्यवस्थापकांकडे त्याच दिवशी तक्रार करा. शक्य असेल तिथे यूपीआयने तिकीट काढा, वाहकाच्या यंत्रावर ती सोय आहे.

बँक आणि पतसंस्थेत

बँकेच्या खिडकीवर पैसे कमी मिळाले, तर खिडकी सोडण्याआधी मोजणी यंत्रावर पुन्हा मोजायला सांगा. घरी आल्यावर लक्षात आले, तर त्याच दिवशी शाखा व्यवस्थापकांकडे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. कॅशिअरचीही रोकड रोज जमवली जाते. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिले नाही किंवा ते पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालांकडे विनाशुल्क तक्रार करता येते. माहितीसाठी क्रमांक १४४४८.

आपल्या दोन्ही जिल्ह्यांत गावोगावी पतसंस्था आहेत. त्या या लोकपालांच्या कक्षेत येत नाहीत. त्यांच्याविरुद्धची तक्रार सहकार खात्याच्या निबंधक कार्यालयाकडे करावी लागते. चुकीच्या दारात अर्ज देऊन महिने घालवण्यापेक्षा हा फरक आधीच माहीत असलेला बरा.

एक विसंगती लक्षात घ्या. एटीएममधून पैसे आले नाहीत, पण खात्यातून वजा झाले, तर बँकेने व्यवहारानंतर पाच दिवसांत ते आपणहून परत करायचे असतात. उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई द्यायची असते. यंत्राच्या चुकीला अशी मुदत आहे. माणसाच्या हातून झालेल्या चुकीला तेवढी थेट मुदत कुठे दिसत नाही.

चॉकलेट घ्यावेच लागते का?

नाही. उरलेली रक्कम तुमची आहे. तिच्या बदल्यात गोळी-चॉकलेट घ्यायचे की नाही, हे तुम्ही ठरवायचे. तसेच दहा रुपयांचे नाणे 'चालत नाही' म्हणून नाकारणेही चूक आहे. वेगवेगळ्या १४ नमुन्यांतील दहाची नाणी वैध असल्याचे रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे. नाणी फिरली, तर सुट्ट्यांची अर्धी भांडणे होणारच नाहीत.

वीस रुपयांसाठी २२ वर्षे

दाद मागायची तर किती वेळ लागतो? मथुरेतील एका वकिलांचे प्रकरण प्रसिद्ध आहे. २५ डिसेंबर १९९९ रोजी त्यांनी मथुरा कँटोन्मेंट स्टेशनवर मुरादाबादची दोन तिकिटे काढली. प्रत्येकी ३५, म्हणजे ७० रुपये. त्यांनी शंभर दिले, परत आले फक्त दहा. वीस रुपये मागूनही मिळाले नाहीत. ते ग्राहक न्यायालयात गेले. शंभरहून अधिक तारखा झाल्या. ऑगस्ट २०२२ मध्ये निकाल लागला: वीस रुपये १२ टक्के व्याजासह परत आणि १५ हजार रुपये भरपाई.

बातम्यांत हा विजय म्हणून आला. तो होताच. पण खिडकीवरच्या कारकुनाची रोकड त्याच रात्री कोणी तपासून पाहिली असती, तर? बहुधा २२ वर्षे वाचली असती.

न्यायालयाचा मार्ग आजही खुला आहे. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर मराठीतही तक्रार नोंदवता येते. त्याने भागले नाही, तर सातारा आणि सांगली येथील जिल्हा ग्राहक आयोग आहेत. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहारांना शुल्क नाही, वकील लावण्याची सक्ती नाही, मुदत दोन वर्षांची. पण तीनशे रुपयांसाठी किती जण तिथपर्यंत जातील?

पाटीवर आणखी एक ओळ हवी

म्हणून मागणी साधी आहे. जिथे 'नंतर तक्रार चालणार नाही' लिहिले आहे, तिथे खाली एवढे जोडा: 'आमचा गल्ला रात्री इतक्या वाजता जमवला जातो. पैसे कमी-जास्त वाटल्यास त्याआधी नोंद करावी.' व्यापारी संघटनांनी ठरवले तर यासाठी कायद्याची, निविदेची गरज नाही. एक वही आणि एक पेन पुरेल. एसटीच्या आगारात आणि बँकांच्या शाखांतही अशी वही ठेवता येईल.

यात ग्राहकाचे पैसे वाचतील. काउंटरवर दहा तास उभे राहून रात्री पदरचे घालणाऱ्यांचेही वाचतील, कारण जादा गेलेले पैसे परत आणून द्यायलाही लोकांना एक जागा मिळेल.

हे लक्षात ठेवा

- नोट देताना रक्कम मोठ्याने सांगा: "हे पाचशे."
- परत आलेले पैसे तिथेच, कॅशिअरसमोर मोजा.
- फरक निघाला तर नोट बाजूला ठेवायला सांगा, आरोप करू नका.
- तोडगा निघाला नाही तर बिल, वेळ, रक्कम आणि मोबाइल नंबर लिहून द्या, गल्ला कधी जमवतात ते विचारा.
- सीसीटीव्ही चित्रण जपायला त्याच दिवशी सांगा.
- जादा पैसे आले असतील तर तेही त्याच दिवशी परत करा.