गाडी उलाळ होऊ देऊ नका

अमेरिकेतील अलास्कात बहुतेक गावांना रस्ताच नाही. टपाल, औषधे, किराणा, आजारी माणूस, सारे लहान विमानाने जाते. वैमानिकाला नदीकाठच्या गोट्यांवर उतरता यावे लागते. ओझेही बहुधा तोच भरतो. मागे जड झाले तर नाक वर जाते नि विमान कोसळते. आपली बैलगाडी उलाळ झाली तर पोती सांडतात. तिथे जीव जातो.
१९२४ साली तिथे विमानाने पहिले टपाल नेणारा कार्ल बेन आयल्सन १९२९ साली सायबेरियात वादळात विमान पडून गेला. म्हणून आभाळ बिघडले की मागे फिरणे, हे तिथले मोठे कसब.
आपणही ओढ्याला पूर असताना गाडी घालू नये. बाजार पुढल्या आठवड्यातही भरतो.